सुटताना तेरा, चालताना नऊ

७ सप्टेंबर १९८१, सोमवार

ही वही ड्रुसिला बाईंनी दिली. आमच्या कोव्हातली, म्हणजे या खाडीकाठच्या वस्तीतली, शाळा बंद झाली तेव्हा कपाटात उरल्या होत्या म्हणे. म्हणाल्या, "कळेल ते लिहा, पार्डी. कळणार नाही ते आधी लिहा." मी चौथीतून उठलो तो थेट बापाच्या होडीत बसलो, त्याला बासष्ट वर्षं झाली. त्यानंतर पेन्सिल धरली ती लाकडावर खूण करण्यापुरती.

तर न कळलेलं आधी. दर्या इतक्या लवकर इतका जवळ कसा आला ते कळत नाही. आज सकाळी दोरी लावून मोजलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून कड्याच्या काठापर्यंत अकरा फूट. ईस्टरला सोळा होते.

काल टोरांटोहून मेव्हिसचा फोन आला. "बाबा, ऑक्टोबर संपेपर्यंत घर हललं नाही तर तुम्ही हलायचं. मी तिकीट काढून ठेवलंय." मुलगी चांगली आहे, पण ती अकराव्या मजल्यावर राहते. समोर सरोवर आहे म्हणाली. चौकशी केली, त्याला भरती-ओहोटी नाही. मग सकाळी उठून बघायचं काय?

घरासाठी जागा मिळाली आहे. शाळेच्या वाटेवर, बाईंच्या कुंपणाला लागून त्यांचीच पडीक जमीन आहे. खाली खडक, दर्यापासून दूर. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला देता आली असती." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी मागितली नाही." मागितली मीही नव्हती, पण ते बोलायचं राहून गेलं.

माझं घर आहे त्या कड्यापासून तिथपर्यंत ट्रक जाईल असा रस्ता नाही. म्हणजे आमच्याकडे ओढतात तसंच ओढावं लागणार. दोर लावून, सगळ्या गावाने.

११ सप्टेंबर, शुक्रवार

कंबर दुखते. हवा पूर्वेची.

गार्लंड येऊन गेला. ओढण्याचं गाणं कोव्हात तोच सांगतो, त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा. "काका, कशाला काळजी करताय? पन्नास माणसं दोराला लागली की तुमचं घर चालेल. मी गाईन तर ते नाचेलसुद्धा."

"थांबेल का?" मी विचारलं.

"आधी सुटू तर द्या."

सगळे मला घर कसं हलवायचं ते सांगतात. थांबवायचं कसं ते कुणी सांगत नाही. मी अकरा वर्षांचा असताना इलियल काकाचं घर ओढलं होतं. उतारावर ते जे निघालं ते दोर धरणाऱ्या सगळ्यांना मागे टाकून गोठलेल्या बंदरात जाऊन उभं राहिलं. दोन दिवस तिथे होतं, पडद्यांसकट. तिसऱ्या दिवशी बर्फ फुटलं. लोक अजून हसत हसत सांगतात. माझ्या बापाचा पाय तेव्हा मोडला होता, ते सांगताना कुणी हसत नाही, कारण ते कुणी सांगतच नाही.

म्हणून संध्याकाळी बाईंकडे गेलो. चाळीस वर्षं त्यांनी इथे मुलांना विज्ञान शिकवलं, माझ्या मेव्हिसलाही. म्हटलं, थांबवायचं कसं तेवढं सांगा. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. आठवीचं पुस्तक काढलं आणि मला वाचायला लावलं. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चालणारी वस्तू सरळ रेषेत चालतच राहते, जोवर बाहेरून कुणी जोर लावत नाही.

मी म्हटलं, "एवढं लिहायला इंग्लंडातला एवढा हुशार माणूस लागला? कुठल्याही होडीवाल्याला विचारायचं. धक्क्याला यायच्या आधी वल्ही आवरतो ती कशाला?"

"मग तुम्ही का नाही लिहिलंत?"

मी कप पुढे केला. चहा घेतला. त्यांच्याकडे लाल पार्ट्रिजबेरीचा मुरंबा फार चांगला असतो.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो.

बाईंनी मला मासळी तोलायचा काटा घेऊन बोलावलं. हुक असतं, आतल्या स्प्रिंगला ताण बसला की काटा खाली सरकतो, तो. पुस्तकात त्याला ताणकाटा म्हणतात. त्यांच्या अंगणात आम्ही स्प्रूसच्या लाकडाचे चार वासे आडवे टाकले, त्यावर एक खोकं ठेवलं आणि दगड घालून बरोबर शंभर पौंड केलं. खोक्याला काटा अडकवून मी ओढायचं आणि बाईंनी आकडा वाचायचा.

कोरड्या वाशांवर चाळीसला हललं. मग मी वाशांना माशाचं तेल चोपडलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला, पण उठल्या नाहीत.

तेल लावल्यावर खोकं तेराला सुटलं. आणि गंमत अशी की सुटल्यावर काटा आपोआप नऊवर आला. मी मुद्दाम हात ढिला केला नव्हता. पुन्हा केलं. सुटताना तेरा, चालताना नऊ. आम्ही अकरा वेळा केलं. एकदा साडेतेरा आले, तेव्हा खोक्याखाली गोगलगाय होती.

माझ्या पाठीला हे पन्नास वर्षांपासून माहीत आहे. होडी वाळूवर ओढताना पहिला हिसका जीव काढतो आणि मग ती येते. पण त्याचे आकडे असतात, दर वेळी तेच येतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खोक्यावर बसून राहिलो. बाई म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. चौथीत अजून एक वर्ष बसायला हवं होतं."

"आठवीपर्यंत," त्या म्हणाल्या. "घर्षण आठवीत आहे."

मग त्यांनी गणित मांडलं. फळ्या, तुळया, छप्पर धरून माझं रिकामं घर चोवीस हजार पौंडांचं. म्हणजे सुटायला तीन हजार एकशे वीस पौंडांचा जोर, चालायला दोन हजार एकशे साठ. माणूस दोराला किती जोर देतो ते मोजायचं बाकी आहे.

आता इतकं कळलं म्हणून भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. चालायला इतका कमी जोर लागतो म्हणजे सुटलेलं घर आपलं ऐकणार नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

शाळेच्या पायरीवर माणसं मोजली. काट्याचं एक टोक खुंटीला बांधलं आणि एकेकाला ओढायला लावलं. गार्लंडने काटा नव्वदपर्यंत नेला आणि सगळ्यांकडे बघत धरून ठेवला. त्याची बायको एफी म्हणाली, "इतका जोर कधी पाण्याच्या बादलीला लावला असता तर," आणि स्वतः सत्तर ओढले. मी चाळीस. सरासरी साठ आली. पंचावन्न माणसं यायची आहेत, म्हणजे तेहेतीसशे. पुरतात, पण काठोकाठ.

मग मी मागच्या दोरांचं काढलं. मी म्हटलं, बारा माणसं मागे हवीत, घराला मागून धरायला. पहिल्या पावलापासून. गार्लंड डोकं खाजवायला लागला.

"काका, मागे कोण उभा राहणार? पुढे गाणं, पुढे रम, पुढे सगळी गंमत. मागे राहणाऱ्याला पोरीबाळी वर्षभर चिडवतील."

"मग मी घर ओढत नाही. टोरांटोला जातो."

मी असं कधी बोलत नाही. शेवटी बारा जण कबूल झाले. लग्न झालेले निवडले, त्यांना चिडवलं जाण्याची सवय आहे असं एफी म्हणाली. पण हे बारा पंचावन्नांतलेच, म्हणून त्यांच्या जागी बारा माणसं पाठवा असा पलीकडच्या कोव्हात निरोप दिला, म्हणजे पुढचे पंचावन्न तसेच राहतील.

कडा आता साडेनऊ फुटांवर.

३ ऑक्टोबर, शनिवार

घराखाली दोन लांब ओंडके घातले, बर्फावरच्या गाडीला असतात तसे. पाया सुटला. घर आता जमिनीचं नाही आणि अजून कुठलंच नाही. मी त्यातच झोपतो. वारा आला की जिना कुरकुरतो.

एक नवीन काळजी. आमच्याकडे रिकामं घर ओढत नाहीत. चूल पेटलेली लागते, किटली वर लागते आणि घरातली बाई आत खुर्चीत बसलेली लागते. रिकामं घर वाट चुकतं म्हणतात. इलियल काकाचं रिकामंच होतं, काकू रागावून बहिणीकडे गेली होती. माझी बायको एला जाऊन सहा वर्षं झाली. आत बसणार कोण?

एफीला विचारलं. आनंदाने हो म्हणाली.

१० ऑक्टोबर, शनिवार

घर हललं नाही.

सगळं बरोबर होतं. वासे तेलाने माखले होते. हवा कोरडी. पंचावन्न माणसं पुढे, मी मोजली, दोनदा. बारा मागे. फक्त एफी आली नाही. गार्लंड म्हणाला तिला सर्दी झाली, घसा बसलाय, घराबाहेर पडवत नाही. आयत्या वेळी बाई शोधायची कुठून? ड्रुसिला बाई तिथेच उभ्या होत्या. "मी बसते," म्हणाल्या. "नाहीतरी मला आतून बघायचंच आहे." हातात त्यांचा स्वतःचा कप होता, घरून आणलेला. माझ्या किटलीतून त्यांनी तो काठोकाठ भरला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, सांडेल. म्हणाल्या, "सांडावा म्हणूनच भरलाय. चहा मागे कलला तर घराचा वेग वाढतोय, पुढे कलला तर कमी होतोय, सपाट राहिला तर घर एका चालीने चाललंय. खिडकीतून ओरडून सांगेन. तुम्हाला थांबण्याचीच काळजी आहे ना?"

किती पुढचा विचार करतात.

गार्लंडने गाणं सुरू केलं. ओढीच्या शब्दाला पंचावन्न माणसांनी हिसका दिला. घर कण्हलं, पण सुटलं नाही. पुन्हा. पुन्हा. दीड तास. दोर वाजायला लागले, कुणाचा बूट फाटला, पलीकडच्या कोव्हातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी गार्लंडचा आवाज गेला. लोकांनी वाटाण्याचं सूप खाल्लं आणि पाठीवर थाप मारून घरी गेले. थाप मारणारे मला आवडत नाहीत.

बाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "चहा हललासुद्धा नाही."

आकडे चुकले. मी चौथी नापास माणूस, आकड्यांवर विश्वास ठेवला. तिकीट मेव्हिसच्या टेबलावर पडलेलं आहे.

११ ऑक्टोबर, रविवार

देवळातून आल्यावर, मुद्दाम असं नाही, पण काल दोर ओढले त्या जागेकडे पाय वळले. जमीन मऊ आहे, सगळे ठसे तसेच. पुढच्या बाजूला पंचावन्न माणसांच्या टाचा रुतलेल्या, ते बरोबर. मग मागे गेलो. मागच्या बारा जणांच्या टाचासुद्धा रुतलेल्या होत्या. खोल, पुढच्यांहून खोल.

वाकून एक ठसा बोटाने मोजला. घर सुटलंच नाही तर मागच्यांना धरायला काय होतं?

पळत बाईंकडे गेलो. कमरेमुळे पळणं म्हणजे भराभर चालणं. त्या जेवायला बसल्या होत्या, खारवलेलं मांस आणि कोबी. म्हटलं, "बाई, मागचेही ओढत होते."

"कशावरून?"

"गाण्यावरून. ओढीचा शब्द आला की आमच्या माणसाचे हात ओढतात. तो पुढे असो की मागे. लहानपणापासून हातांना तेच येतं. पुढच्यांनी शब्दाला पुढे ओढलं, मागच्यांनी त्याच शब्दाला मागे."

त्यांनी जेवणाचा काटा खाली ठेवला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. स्वतः लिहिलं नाही. मीच लिहिलं. पुढे तेहेतीसशे. मागे बारा गुणिले साठ, सातशे वीस. वजा केले तर उरले दोन हजार पाचशे ऐंशी. लागतात तीन हजार एकशे वीस.

आकडे बरोबर होते. माणसं चुकली होती. आणि ती बारा माणसं मागे कुणी उभी केली? माझ्या भीतीने.

बाई हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं. मग मलाही हसू आलं. म्हणजे काल सदुसष्ट माणसांनी दीड तास माझं घर ताणून धरलं होतं.

"मागच्यांना काढून टाकायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. उतारावर लागतील."

"मग त्यांना दुसरं गाणं द्या. ज्याच्यात ओढच नाही असं."

मी विचार करून सांगितलं, "अंत्यविधीचं स्तोत्र."

"सेल्बी," त्या म्हणाल्या, "तुम्ही शाळा सोडायला नको होती."

जेवूनच आलो. त्यांनी मला सेल्बी म्हटलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. नेहमी आडनावाने, पार्डी म्हणतात. घाईत असतील.

१८ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस वादळ. काल ओढायचं ठरलं होतं ते रद्द. आज पहाटे धडाधड आवाज झाला, मी बूट घालून बाहेर. कडा चार फूट दोन इंचांवर. कोंबड्यांचं जुनं खुराडं गेलं, नशिबाने रिकामं होतं.

मेव्हिसचा फोन. रडवेली झाली होती. "बाबा, घर जाऊ दे. तुम्ही या." मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. ती म्हणाली, "शनिवारी नाही हललं तर रविवारी निघायचं. कबूल करा." कबूल केलं.

दोन्ही बॅगा भरून दाराशी ठेवल्या. एलाचा फोटो कोणत्या बॅगेत ठेवावा ते ठरत नाही. तो अजून भिंतीवरच आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार

काल लिहायला हात धरत नव्हते. आज लिहितो.

सकाळी वारा पडला होता. एफीला पुन्हा सर्दी झाली. पण आली, दोराला लागली आणि दिवसभर सगळ्यांत मोठ्याने तीच गात होती. सर्दीत आवाज मोकळा होतो की काय कोण जाणे. बाई आपला कप घेऊन न बोलावता आत जाऊन बसल्या. मी खिडकी उघडून दिली.

मागच्या बारांना मी स्तोत्र दिलं. त्यांना ते फार लागलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "पुढे मजा चाललीय आणि आम्ही मागे मयताला आल्यासारखे?" मी म्हटलं, "शब्द संथ म्हणा, दोर हातात सैल ठेवा आणि मी टोपी काढेपर्यंत ओढू नका." म्हणाले बरं.

गार्लंडने सुरू केलं. पुढे ओढीचं गाणं, मागे स्तोत्र, दोन्ही एकदम. असं काही या कोव्हात कधी ऐकलं नसेल. ओढीचा शब्द आला. हिसका. घर कण्हलं. पुन्हा शब्द आला, आणि घर सुटलं.

आवाज काय होता ते सांगता येत नाही. मोठा श्वास सोडावा तसा. सहा इंच गेलं, मग फूट, आणि मी ओरडलो, "थांबू नका, आता नऊच लागतात, आता नऊच." कुणाला काही कळलं नाही. पण थांबले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला, "सपाट. चहा सपाट आहे."

दलदलीवरचा सगळा पट्टा आम्ही एका चालीने पार केला. धुराड्यातून धूर निघत होता. मी शेजारून चालत होतो आणि माझंच घर माझ्या बाजूने चाललं होतं, पडद्यांसकट. एकाहत्तर वर्षं मी त्या घराला उभंच पाहिलंय. ते चालताना इतकं बरं दिसेल असं वाटलं नव्हतं.

मग चढ आला. गार्लंड लाल झाला. चढ संपला आणि शाळेच्या वाटेचा उतार लागला. ठरलं होतं की माथ्यावर पुढच्यांनी दोर सोडायचे आणि पळत मागे यायचं. मी ते तीन वेळा समजावलं होतं. पण घर आपण होऊन चालायला लागल्यावर माणसांना जो हुरूप आला, कुणी दोर सोडीना. ओढायची गरज नव्हती तरी ओढत होते, गात होते.

"मागे कलला," बाई ओरडल्या. "सेल्बी, चहा मागे कलला."

मी टोपी काढली. बारा जणांनी टाचा रोवल्या आणि दोर ताणले. स्तोत्र थांबलं नाही, उलट मोठं झालं. पण उतार जड होता. "सांडतोय," बाई ओरडल्या. मला बंदर दिसत होतं. बर्फ नव्हतं, नुसतं पाणी. मी अकरा वर्षांचा झालो. आणि मग माझ्या तोंडून आवाज निघाला. तो कुठून आला मला माहीत नाही, मी जन्मात कुणावर ओरडलेलो नाही. "गार्लंड, गाणं बंद कर."

गाणं बंद झालं. गाणं बंद झाल्याबरोबर पंचावन्न माणसांचे हात सुटले, जणू त्यांचे हात गाण्याचेच होते. तोंड वर करून सगळी बघत राहिली. मग एफी म्हणाली, "अरे, मागे पळा ना मूर्खांनो," आणि सगळी मागे पळाली, मीही. चाळीस पौंड तर चाळीस. मी दोर धरला, टाचा रोवल्या आणि स्तोत्र म्हणायला लागलो. सदुसष्ट माणसं आणि मी, अंत्यविधीचं स्तोत्र म्हणत, घराला मागून धरून.

"पुढे कलला," बाईंचा आवाज आला. "पुढे कलला, पुढे कलला." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "सपाट."

घर उभं होतं.

जिथे दगड मांडून ठेवले होते तिथे मात्र नव्हतं. साडेसात फूट पुढे गेलं होतं. बाईंचं कुंपण आडवं झालं होतं, त्यांचा कपडे वाळत घालायचा खांब जिन्याखाली गेला होता, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर चार फुटांवर येऊन थांबली होती.

मी धावत आत गेलो. एलाचा फोटो भिंतीवर सरळ होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर चहा सांडलेला. मी म्हटलं, "बाई, माफ करा, कुंपण गेलं. सोमवारी सगळ्यांना बोलावून मागे ओढून घेतो."

त्यांनी कपात बघितलं. तळाशी एक घोट उरला होता, तो प्यायल्या. म्हणाल्या, "चोवीस हजार पौंड मागे ओढणार? दगड पुढे सरकवणं सोपं नाही का?"

मला हे सुचलंच नव्हतं.

मग रम आली, सूप आलं, मुरंबा आला आणि ओढीचं गाणं पुन्हा आलं. त्यावर लोक माझ्याच स्वयंपाकघरात नाचले. माझ्या दोन्ही बॅगा अजून दाराशीच होत्या. त्यांना अडखळून गार्लंड पडला.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दगड सरकवून झाले. पाया पक्का. गार्लंडला म्हटलं, आता कुंपण उभं करू. तो म्हणाला, "कशाला?" म्हटलं, जागेची हद्द नको का? तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं माझ्या तोंडाला तेल लागलंय.

मेव्हिसला फोन केला. घर आलं म्हणून सांगितलं. ती खूश झाली, तिकीट परत करते म्हणाली. मग विचारलं, "आत कोण बसलं होतं?" म्हटलं, ड्रुसिला बाई, एफीला सर्दी झाली होती. "दोन्ही वेळा?" हो, दोन्ही वेळा. ती हसायला लागली ते फोन ठेवेपर्यंत हसत होती. लांबच्या फोनवर नुसतं हसण्यात काय अर्थ आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

गार्लंड सूप प्यायला आला. मी सहज म्हणालो की आत बाईमाणूस बसलं हे बरं झालं, घरातलं असो की परकं, रीत राहिली. आधीही झालं आहे. सत्तेचाळीस साली केलेब रोझचं घर ओढलं तेव्हा आत बार्बारा बसली होती, ती कुठे घरातली होती?

"आणि आता बार्बाराचं आडनाव काय, काका?"

"रोझ," मी म्हटलं.

तो सूप पीत राहिला. माझा चमचा मात्र हातात राहिला.

एफीला सर्दी झालीच नव्हती.

सगळ्या कोव्हाला माहीत होतं. पलीकडच्या कोव्हालाही. मेव्हिसला टोरांटोत माहीत. मलाच कसं नाही? आणि बाईंना? बाईंनी तर चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. आपण कुठे बसतोय हे न बघता त्या बसतील?

३ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस खिडकीचा पडदा लावून होतो. आज उघडला. समोर बाई भाकऱ्या तव्यावर परतत होत्या, कणकेच्या गोळ्यांच्या करतात त्या. मी फळी शोधली. पाच फुटांची होती. ती माझ्या खिडकीतून त्यांच्या खिडकीपर्यंत टेकवली. फळीला जरा लोणी चोळलं. मग माझा रिकामा कप फळीवर ठेवला आणि ढकलला.

हळू ढकलला, म्हणून अर्ध्यात थांबला. बाई बघत होत्या, मदत करत नव्हत्या.

"सुटताना किती लागतात, सेल्बी?" त्यांनी विचारलं.

"तेरा," मी म्हटलं.

"मग?"

मी खिडकीतून पार कमरेपर्यंत बाहेर वाकलो, कमरेने बोंब मारली, आणि कप जोरात ढकलला. तो त्यांच्या हातात गेला. त्याच हिसक्यात मी विचारलं. काय विचारलं ते इथे लिहायची गरज नाही, मला आठवतं.

त्यांनी कप काठोकाठ भरला. फळीवर ठेवला आणि एका चालीने माझ्याकडे सरकवला, एक थेंब न सांडता. म्हणाल्या, "किती दिवस मला सपाट बसवून ठेवलंस रे."

पडदा काढून टाकला आहे. तो आता लागणार नाही.